चुकलेला ठोका व मनाचें भय

दिवसभराचें काम आटोपून मनुष्य अंथरुणास पाठ टेकतो, दिवा मालवला जातो, घर शांत होतें, आणि त्या शांततेंत त्याच्या छातींत कांहीं तरी गडबडतें. चालत्या ठेक्यांतून एक ठोका गळल्यासारखा वाटतो, क्षणभर सारें थांबतें, आणि मग आंतून कोणीं धक्का द्यावा तसा एक मोठा ठोका पडतो. मनुष्य उठून बसतो. हात आपोआप मनगटावर जातो. थोड्या वेळानें पुन्हां तसेंच होतें. इतकीं वर्षें ज्या हृदयाची त्यास आठवणही झाली नव्हती, तेंच हृदय आतां रात्रभर त्यास झोंपूं देत नाहीं.

समजा, असा एक शेतकरी आहे. वय पंचेचाळीस, अंगानें धडधाकट. तो तालुक्याच्या गांवीं जातो. डॉक्टर त्याची छाती तपासतात, हृदयाचा विद्युत्-आलेख काढतात, 'इको' करवितात, रक्त पाहतात, आणि सांगतात, "तुमचें हृदय चांगलें आहे. मधून मधून जादा ठोके पडतात, पण त्यांपासून धोका नाहीं. जा, कामाला लागा." तो आनंदानें घरीं परततो. त्याच रात्रीं ठोका पुन्हां चुकतो, आणि डॉक्टरांचे शब्द कोठल्या कोठें जातात. "धोका नाहीं म्हणाले खरे, पण हें माझ्या छातींत होतें आहे, त्यांच्या नव्हे," असें त्यास वाटतें.

वाचकहो, येथें जो प्रश्न उभा राहतो तो केवळ वैद्यकाचा नाहीं. तपासून पाहिलेलें सत्य एक सांगतें आणि आपलें अंग दुसरेंच सांगतें, तेव्हां आपण कोणाचें ऐकावें? आणि सत्यावर विश्वास ठेवूनही भय गेलें नाहीं, तर त्या भयासह आपण कसें वागावें? ह्या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वीं छातींत होतें तरी काय, हें समजून घेणें अवश्य आहे. कारण ज्याचें स्वरूप ठाऊक नाहीं त्याचें भय दुप्पट वाढतें.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत एक अगदीं लहानसें केंद्र आहे. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक ह्या दोघां ब्रिटिश संशोधकांनीं त्याचें वर्णन १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. ह्या केंद्रांतून विजेची अति सूक्ष्म लहर निघते, ती हृदयभर पसरते, आणि हृदय आकुंचन पावतें. मिनिटास ७२ ठोके धरले तर एका दिवसांत हे ठोके एक लाखाहून अधिक होतात. ह्या एक लाखांत केव्हां केव्हां हृदयाच्या दुसऱ्याच एखाद्या भागांतून लहर अवेळीं निघते आणि एक ठोका वेळेच्या आधींच पडतो. त्या क्षणीं हृदय रक्तानें पुरतें भरलेलें नसतें. म्हणून तो ठोका दुबळा पडतो आणि मनगटाच्या नाडीस बहुधा लागतही नाहीं. आपणांस वाटतें ठोका चुकला. वस्तुतः तो चुकलेला नसून आगाऊ पडलेला असतो. त्यानंतर हृदय किंचित् विसावतें, त्या अवकाशांत तें नेहमीपेक्षां अधिक भरतें, आणि पुढील ठोका जोरानें पडतो.

ह्यांत एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. ज्या धक्क्यानें मनुष्य दचकून उठतो, तो धक्का बहुधा त्या अवेळीं पडलेल्या ठोक्याचा नसतोच. हृदय आपल्या नियमित चालीवर परत आलें, त्याचा तो ठोका असतो. भजनांत एखाद्या नवख्याची टाळी आगाऊ पडते, पण मृदंग वाजविणारा आपला ठेका सोडीत नाहीं. तद्वतच हृदयाचें मूळ केंद्रही बहुधा आपली वेळ सोडीत नाहीं. आपण जें संकट म्हणून ऐकतों तें पुष्कळदां पूर्वस्थितीवर आल्याची खूण असते.

हे ठोके रात्रींच अधिक कां जाणवतात, ह्याचेंही कारण साधें आहे. विश्रांतींत हृदयाची गति मंद होते, त्यामुळें दोन ठोक्यांमधील जागा वाढते व तींत जादा ठोक्यास शिरकाव मिळतो. डाव्या कुशीवर निजल्यास हृदय छातीच्या भिंतीजवळ येतें. शिवाय रात्रीं दुसरा आवाज नसतो, दुसरें काम नसतें. मनास जावयास दुसरी जागाच नसते. अवसेच्या रात्रीं पानाची सळसळही पावलाचा आवाज वाटते, तसें हें आहे.

पण "धोका नाहीं" हें कशावरून? ह्याचें उत्तर ज्यांनीं मोठ्या धीरानें शोधून काढलें त्यांत जेम्स मॅकेन्झी ह्यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. स्कॉटलंडांतील एका शेतकऱ्याच्या घरीं १८५३ सालीं त्यांचा जन्म झाला. १८७९ पासून १९०७ पर्यंत, म्हणजे दोन तपांहून अधिक काळ, त्यांनीं इंग्लंडांतील लँकाशायर परगण्यांत बर्नली नांवाच्या गांवीं साध्या डॉक्टराचें काम केलें. तें गांव कापडाच्या गिरण्यांचें. तेथील रोगी म्हणजे मागावर राबणारे स्त्रीपुरुष. त्या काळीं नाडी अनियमित झाली कीं हृदयास रोग जडला, अशी सर्वसाधारण समजूत असे, आणि अशा मनुष्यास श्रम सोडून बसण्यास सांगत. मॅकेन्झी ह्यांस प्रश्न पडला कीं, ही समजूत खरी आहे हें कोणीं पाहिलें आहे काय? त्यांनीं एका घड्याळजीच्या साहाय्यानें एक यंत्र तयार करविलें. मानेच्या शिरेची व मनगटाच्या नाडीची हालचाल तें कागदाच्या पट्टीवर एकाच वेळीं रेखाटीत असे. त्या रेषांवरून अनियमितपणाचे निरनिराळे प्रकार त्यांनीं वेगळे केले, आणि नाडीवरील त्यांचा ग्रंथ १९०२ सालीं प्रसिद्ध झाला.

परंतु यंत्रापेक्षांही मोठें साधन त्यांजजवळ होतें, तें म्हणजे काळ. मोठ्या रुग्णालयांतील वैद्य रोग्यास आठ पंधरा दिवस पाहतो. गांवचा डॉक्टर त्यास जन्मभर पाहतो. ज्यांची नाडी मधून मधून चुकते, पण ज्यांच्या हृदयांत दुसरा दोष नाहीं, अशा माणसांस मॅकेन्झी वर्षानुवर्षें पाहत राहिले. तीं माणसें कामावर जात राहिलीं, लेंकरें वाढवीत राहिलीं, म्हातारीं झालीं. तेव्हां केवळ जादा ठोके पडतात एवढ्यावरून कोणासही हृदयरोगी ठरवूं नये, असें त्यांनीं निश्चयानें सांगितलें. हें ज्ञान त्यांस एका रात्रींत झालें नाहीं. तें शेतांतील पिकासारखें वाट पाहून हातीं आलें.

पुढें साधनें सुधारलीं. हॉलंडमधील विलेम आयन्थोव्हेन ह्यांनीं हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याची रीत पूर्णत्वास नेली व त्यांस १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकेंतील नॉर्मन होल्टर ह्यांनीं मनुष्य हिंडत फिरत असतांनाच त्याचा आलेख टिपण्याची युक्ति काढली. त्यांचें आरंभींचें यंत्र सुमारें ३८ किलो वजनाचें असून तें पाठीवर घ्यावें लागे. आज त्याच नांवाचें यंत्र गळ्यांत किंवा कमरेस अडकवून मनुष्य घरीं जातो. ह्या यंत्रामुळें असें दिसून आलें कीं, दिवसरात्र आलेख टिपला तर पुष्कळ निरोगी माणसांच्याही हृदयांत जादा ठोके सांपडतात. बहुतेकांस त्यांची जाणीवही नसते. १९८५ सालीं अमेरिकेंत ७३ निरोगी माणसांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांस दर तासास सरासरीनें पांचशेंहून अधिक जादा ठोके पडत. सरासरीनें साडेसहा वर्षें त्यांचा मागोवा घेतला, तेव्हां त्यांचें आयुष्यमान इतर निरोगी लोकांसारखेंच आढळलें. बर्नलीच्या डॉक्टरानें जें पट्टीवर व अनुभवावर सांगितलें होतें, त्यास ही मोठी पुष्टि मिळाली.

तथापि येथें सावधगिरीचा एक शब्द लिहिणें आमचें कर्तव्य आहे. "धोका नाहीं" हा निर्णय तपासणीनंतरचा आहे, तपासणीच्या ऐवजीं नाहीं. ठोके चुकत असतां ज्यास घेरी येऊन शुद्ध हरपते, श्रम करतांना ज्याचे ठोके वाढतात, ज्याच्या छातींत दुखतें, ज्यास दम लागतो किंवा पायांस सूज येते, अथवा ज्याच्या घराण्यांत कोणी तरुणपणीं एकाएकीं मरण पावलें आहे, त्यानें विलंब न लावतां डॉक्टरकडे जावें. कांहीं वेळां अशक्तपणा, म्हणजे रक्त कमी होणें, गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचा विकार, किंवा जुलाब होऊन अंगांतील क्षार कमी होणें, हीं ठोक्यांचीं कारणें असतात. तीं शोधून काढलीं म्हणजे दूर करतां येतात. तसेंच, खालच्या कप्प्यांतून निघणारे जादा ठोके एकूण ठोक्यांच्या शेंकडा दहा किंवा त्याहून अधिक असतील, तर कांहीं थोड्या लोकांत दीर्घ काळानें हृदयाची शक्ति घटूं शकते. ती घट वेळीं ओळखली तर बहुधा भरूनही येते. म्हणून ज्यांचे ठोके फार आहेत त्यांनीं डॉक्टर सांगतील त्या मुदतीनें पुन्हां 'इको' करवावा. हें सांगणें लपवून धीर देणें म्हणजे खोटा धीर देणें होय, आणि खोटा धीर पहिल्या धक्क्यास मोडतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आमच्या शेतकऱ्याची तपासणी झाली आहे. वर सांगितलेलें कोणतेंही वाईट लक्षण त्यास नाहीं. तरी तो भितो. हें त्याचें भित्रेपण आहे काय? कांहीं लोक त्यास तसें म्हणतील. मंडळींतील एखादा उत्साही बंधु म्हणेल कीं, तुझा विश्वास कमी पडला. आम्हांस हें बोलणें अन्यायाचें वाटतें. छातींत एकाएकीं धक्का बसला असतां मनुष्यानें दचकावें ही शरीराची रचनाच आहे. साप पाहून पाय मागें यावा तसें तें आहे. दोरीस साप समजून मागें आलेल्या पायास कोणी पापी म्हणत नाहीं. दचकणें आपल्या हातीं नाहीं, म्हणून त्याबद्दल आपणांस दोषही नाहीं. दोरी आहे हें दिव्यानें पाहिल्यावर आपण काय करतों, तेथून आपली जबाबदारी सुरू होते.

आणि येथेंच पुष्कळ माणसें फसतात. त्यांस वाटतें कीं, आणखी एकदां पाहिलें म्हणजे भय जाईल. म्हणून तीं नाडी मोजतात. मोजतांना ठोका चुकतो, भय वाढतें. भयानें हृदय अधिक जोरानें चालतें, कांहींजणांत जादा ठोकेही वाढतात. म्हणून पुन्हां मोजतात. एका डॉक्टरानें सांगितलेलें दुसऱ्यास विचारतात, दुसऱ्याचें तिसऱ्यास. पहिली तपासणी शहाणपणाची होती. शंका राहिल्यास दुसऱ्या जाणत्या डॉक्टराचें मत घेणें हेंही योग्यच. पण दहाव्या तपासणीनें मनुष्य ज्ञान मागत नसतो, तो हमी मागत असतो; आणि तशी हमी पृथ्वीवर कोणाजवळ नाहीं. ज्याचें हृदय घड्याळासारखें चालतें त्यासही उद्यांचा दिवस कोणीं लिहून दिलेला नाहीं. जादा ठोक्यांनीं आमच्या शेतकऱ्याची खात्री हिरावून घेतली नाहीं. ती त्यास पूर्वींही नव्हती. तिची उणीव त्याच्या ध्यानांत आली एवढेंच. हें ज्यास उमजलें त्याचा रात्रींचा कलह अर्धा मिटला.

मग उरलेल्या अर्ध्याचें काय? कोणी म्हणेल कीं, औषध घेऊन ठोकेच बंद करावे, म्हणजे भयाचें कारणच उरणार नाहीं. ह्या विचारास वैद्यकाच्या इतिहासांत एक कठोर उत्तर मिळालें आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रोग्यांस जादा ठोके पडत, त्यांचे ठोके औषधानें दाबले तर त्यांचा जीव वांचेल, अशी वैद्यांची प्रामाणिक समजूत होती. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ह्याची मोठी परीक्षा घेण्यांत आली. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ह्या दोन औषधांनीं ठोके कमी होतात हें आधीं पाहून घेऊन मग तीं ७५५ रोग्यांस दिलीं, आणि तशाच ७४३ रोग्यांस औषधाविना केवळ दिसावयास तशी गोळी दिली. सुमारें दहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकीं ६३ मरण पावले, दुसऱ्यांपैकीं २६. १९८९ सालीं हीं औषधें थांबवावीं लागलीं, आणि हे आंकडे १९९१ सालीं सविस्तर प्रसिद्ध झाले. ठोके शांत झाले होते, परंतु माणसें अधिक मेलीं.

त्या रोग्यांचीं हृदयें आधींच जखमी होतीं. आमच्या शेतकऱ्याची स्थिति तशी नाहीं, हें विसरूं नये. ज्यांस ठोक्यांचा फारच त्रास होतो त्यांस डॉक्टर 'बीटा-ब्लॉकर' जातीचीं औषधें देतात, आणि ज्यांचे ठोके अतिशय आहेत त्यांच्या हृदयांत शिरेवाटे बारीक नळी घालून ठोक्याचें उगमस्थान जाळून टाकण्याचा उपायही आज होतो. योग्य जागीं हे उपाय उपकारक आहेत. परंतु खूण पुसली म्हणजे संकट टळलें असें नव्हे, आणि खूण राहिली म्हणजे संकट आहेच असेंही नव्हे, हा धडा त्या परीक्षेनें सर्वांस दिला. मनाच्या भयासही हाच न्याय लागू आहे. भय पार नाहींसें झाल्यावरच मी जगूं लागेन, असें जो म्हणतो तो जगणें भयाच्या स्वाधीन करतो.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, विश्वास ही मनांत उठणारी भावना नसून पाऊल टाकण्याची रीत आहे. ज्यानें नदीचा उतार दाखविला तो माणूस जाणता आहे, हें एकदां नीट पाहिल्यावर, पाण्यास पाय लागतांच जो भितो पण तरीही चालत राहतो, त्यानेंच त्या वाटाड्यावर विश्वास ठेवला असें म्हणावें. त्याचे पाय कांपत होते, ह्यानें त्याच्या विश्वासास उणेपणा येत नाहीं.

हें आचरणांत कसें आणावें? ठोका चुकला कीं मनांत म्हणावें, "हा आगाऊ पडला, आतां थोडा थांबेल, आतां जोराचा पडेल." जें होणार तें आधींच ओळखीचें झालें म्हणजे त्याचा दरारा कमी होतो. नाडीवरचा हात काढून घ्यावा, मोजूं नये. श्वास सावकाश घ्यावा व सोडावा. हातांतील काम टाकूं नये. डॉक्टरांनीं मोकळीक दिली असेल तर चालणें, खणणें, ओझें उचलणें पूर्ववत् चालू ठेवावें. कारण श्रमांत पुष्कळांचे ठोके कमीच होतात. झोंप पुरी घ्यावी. तंबाखू, मिश्री व दारू सोडावी. चहा घेतल्यावर ठोके वाढतात असें ज्यास स्वतःच्या अनुभवानें दिसेल त्यानें चहा कमी करावा; इतरांनीं उगीच भिऊं नये. पुन्हां दाखविण्याची तारीख डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि ती येईपर्यंत रोजची चौकशी बंद ठेवावी. नवें लक्षण उद्भवलें तर मात्र तारखेची वाट पाहूं नये.

एक शब्द घरच्या मंडळींस. भित्र्या मनुष्यावर प्रेम करतांना आपण त्यास अपंग करतों. "अहो, तुम्ही बसा, विहिरीवर मी जातें," असें बायको मायेनें म्हणते. मुलगा नांगर हातांतून घेतो. शेजारी आवाज खालीं करून बोलतात. चार महिन्यांत ज्याचें हृदय निरोगी आहे तो मनुष्य ओटीवर बसून रोगी होतो. तपासणीनें ज्यास कामाची मोकळीक दिली, त्यास घरच्यांनीं कामाची बंदी घालूं नये. त्याचबरोबर "तुला कांहीं झालें नाहीं" असेंही म्हणूं नये. त्यास कांहीं तरी होतें आहे. तें धोक्याचें नाहीं, एवढेंच. ह्या दोन वाक्यांतील भेद दुखणाइतास फार मोठा असतो. पहिल्यानें तो एकटा पडतो. दुसऱ्यानें त्यास सोबत मिळते.

आणि खेड्यांत सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंस इतकीच विनंति कीं, असा मनुष्य आपणांकडे आला असतां प्रथम त्यास डॉक्टरकडे पोंचवावें. करणी, बाहेरची बाधा असें कोणी म्हणत असेल तर तें तेथेंच खोडून काढावें. आणि भयाच्या ओझ्यावर अपराधाचें दुसरें ओझें ठेवूं नये. त्याच्याजवळ थोडा वेळ बसावें, त्याचें म्हणणें पुरतें ऐकावें, आणि उठतांना त्यास एखादें काम सांगावें. काम सांगणें म्हणजे तू उद्यां असणार आहेस असें धरून चालणें होय. तें त्यास उपदेशापेक्षां अधिक उपयोगी पडेल.

आमच्या शेतकऱ्याचे ठोके कदाचित् थांबतील. पुष्कळांचे कांहीं महिन्यांनीं आपोआप कमी होतात. कदाचित् थांबणारही नाहींत. एखाद्या रात्रीं ते पुन्हां येतील, तो जागा होईल, हात मनगटाकडे जाऊं लागेल. त्यानें तो हात परत घ्यावा, कूस बदलावी, आणि सकाळीं पाण्याची पाळी कोणत्या वाफ्याची आहे ह्याचा विचार करावा. भीति तेथें असेलच. ती असूं द्यावी. पाळी चुकतां कामा नये.